पावती मोजायची की मत?

पडद्यावर दिसतेय ती युनियनच्या वर्गणीची पावती. कामगार संघटनांच्या मान्यतेसाठी, म्हणजे कामगारांच्या वतीनं मालकाशी वाटाघाटी कोणत्या युनियननं करायच्या हे ठरवण्यासाठी, महाराष्ट्रानं १९७१ मध्ये कायदा केला. महिन्याची वर्गणी किमान किती असावी, हेसुद्धा त्यात लिहिलंय : पन्नास पैसे. कारखान्यातल्या ३० टक्के कामगारांच्या नावानं सलग सहा महिने पावत्या फाटल्या, की युनियननं औद्योगिक न्यायालयात अर्ज करायचा. तपास अधिकारी रजिस्टर उघडतो, नावं ताडून बघतो. मतपेटी यात कुठेच येत नाही.

मुंबईच्या कापडगिरण्यांना लागू होता तो याआधीचा, १९४६ चा कायदा. एका भागात, एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना. तिनं सही केली की करार सगळ्यांना लागू, मग तुम्ही तिचे सभासद असा वा नसा. गिरणगावात ही जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती, इंटकचा, म्हणजे काँग्रेसच्या गोटातला संघ. १९५० साली समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेनं बोनससाठी दोन महिने संप लढवला. मान्यता जिथल्या तिथे राहिली. पुढे कम्युनिस्ट असोत की समाजवादी, लाल बावट्याखालच्या सभांतून मागणी होत राहिली : गुप्त मतदान घ्या.

इंटकवाल्यांचं उत्तर ठरलेलं असे. एखादं तडाखेबंद भाषण ऐकून माणूस एक दिवस मत देईल. दर महिन्याला वर्गणी भरतो तोच खरा सभासद. मुद्दा अगदीच फेकून देण्यासारखा नाही. पण खोट्या पावत्या, एकाच कामगाराच्या नावावर दोन युनियनची सभासदत्वं, हेही गिरणीत कुणापासून लपलेलं नव्हतं.

न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या राष्ट्रीय श्रम आयोगानं १९६९ मध्ये यावर काय केलं? पावती की मतदान, हे नव्या औद्योगिक संबंध आयोगानं ठरवावं, असं सुचवलं. थोडक्यात, चेंडू पुढे ढकलला.

मग १८ जानेवारी १९८२. कामगार नेते दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं, आणि हा १९४६ चा कायदा रद्द करणं, अशा मागण्या होत्या. कायद्याच्या लेखी मात्र वाटाघाटीचा हक्क मजदूर संघाचाच, आणि सामंत बाहेरचे. अडीच लाख माणसं घरी बसलेली असताना आणखी कसली पडताळणी हवी होती, हा प्रश्न आजही अस्वस्थ करतो. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

आता जरा अमेरिकेकडे बघा, तिथे पारडं उलटं. २००७ मध्ये ‘एम्प्लॉयी फ्री चॉइस ॲक्ट’चं विधेयक आलं : निम्म्याहून जास्त कामगारांनी कार्डावर सह्या केल्या तर मतदानाविना युनियनला मान्यता. गुप्त मतदान वाचवा म्हणून तिथे मालकवर्ग उभा ठाकला. युनियनचं म्हणणं, मतदानापूर्वी कंपनी कामाच्या वेळात सक्तीच्या सभा घेऊन कामगारांना धाक घालते. प्रतिनिधीगृहात विधेयक २४१ विरुद्ध १८५ नं मंजूर झालं. सिनेटमध्ये चर्चा थांबवून विधेयक मतदानाला घ्यायला ६० मतं लागत होती, मिळाली ५१. गुप्ततेचा कळवळा कुणाला येतो, हे खुर्चीवर कोण आहे त्यावर ठरतं, एवढं तरी यातून दिसतं.

भारतात १९९५ मध्ये अन्न महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं गुप्त मतदानाची पद्धत आखून दिली. रेल्वेत तर २००७, २०१३ आणि २०२४ असं तीनदा मतदान झालं. गिरण्यांना हे लाभलं नाही.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत आता ५१ टक्क्यांची अट आहे. एखाद्या युनियनला मस्टरवरच्या एवढ्या कामगारांचा पाठिंबा असेल, तर तीच एकटी वाटाघाटी करणारी युनियन. तो पाठिंबा तपासायचा कसा, हे मात्र संहितेनं नियमांवर सोडलंय.