तेलताडाचे ‘कर्म’: एकाच झाडाची रोपे, मग फळे निराळी का?

नमस्कार. पडद्यावर तेलताडाच्या दोन फळांचे आडवे छेद आहेत. डावीकडच्या फळात मध्ये गाभा, त्याभोवती पातळ कवच आणि बाहेर केशरी गर दिसतो. पामतेल निघते ते या गरातून. उजवीकडच्या फळाला मात्र चहूबाजूंनी मांसल बोंडे चिकटली आहेत. एकाच मातृवृक्षापासून केलेल्या रोपांवर ही दोन्ही फळे येऊ शकतात.

जाड कवचाचा ड्युरा आणि बिनकवचाचा पिसिफेरा यांच्या संकरातून पातळ कवचाचा, भरपूर गराचा टेनेरा मिळतो, हे १९४१ साली बेल्जियन काँगोत सिद्ध झाले. परंतु टेनेराचे बी पेरले की पुढच्या पिढीत कवचाचे तिन्ही प्रकार पुन्हा वेगळे होतात. केळीसारखे मुनवे तेलताडाला फुटत नाहीत, शेंडाही एकच. म्हणून उत्तम झाडाची हुबेहूब रोपे करण्यासाठी १९७०च्या दशकात टिश्यूकल्चरचा मार्ग काढण्यात आला. पुढील दशकात ही झाडे शेतात घड धरू लागली, तेव्हा काहींच्या फुलांत पुंकेसरांच्या जागी स्त्रीकेसरांसारखे अवयव वाढलेले आढळले, आणि विकृती तीव्र असेल तेथे घडच वाया जाऊ लागले. रोप लावून दोन-तीन वर्षे सांभाळल्यावर हे कळणे किती महागात पडत असेल!

याचे कारण २०१५ साली मलेशियाच्या पामतेल मंडळातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. फुलाचे अवयव ठरवणाऱ्या एका जनुकात ‘कर्म’ नावाचा, एकेकाळी जागा बदलणारा डीएनएचा तुकडा बसलेला आहे. (हे नाव भातावरील संशोधनातून आले, विनोद आमचा नव्हे.) त्यावर मेथिल गटांचे, म्हणजे डीएनएला चिकटणाऱ्या लहान रासायनिक खुणांचे, दाट आवरण असले तर जनुकाचा संदेश नीट वाचला जातो. टिश्यूकल्चरमध्ये ते आवरण निघून गेले तर संदेश मध्येच तुटतो आणि फूल बिघडते. डीएनएची अक्षरे मात्र दोन्ही झाडांत तीच असतात, त्यामुळे नुसता अक्षरक्रम तपासून हा दोष सापडला नसता.

आता रोपवाटिकेतील कोवळ्या पानाचा लहानसा तुकडा घेऊन ‘कर्म’वरील मेथिलीकरण, म्हणजे हे आवरण, मोजता येते आणि सदोष रोप शेतात जाण्यापूर्वीच बाजूला काढता येते. या चाचणीने तेल वाढत नाही, हे मात्र ध्यानात घ्यावे. कोणते झाड मातृवृक्ष म्हणून निवडायचे, हे अजूनही वर्षानुवर्षे घडांचे वजन आणि गरातले तेल मोजत बसणारा पैदासकारच ठरवतो.