कौलांखालची घुबडं

मित्रहो, आज मी एकाच नाण्यापाशी जास्त वेळ थांबणार आहे. अथेन्सचं चार द्राख्मांचं चांदीचं नाणं, टेट्राड्राख्म. आकाराने आपल्या दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित लहान, पण वजन 17 ग्रॅमच्या वर, म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त. तळहातावर ठेवलं की डोळ्यांच्या आधी हाताला कळतं.

पुढच्या बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना, त्या शहराची देवी. मागे तिचं घुबड: अंग आडवं, पण मान वळवून थेट आपल्याकडे बघणारं. पाठीशी ऑलिव्हची डहाळी, तिच्यालगत नखाएवढी चंद्रकोर, आणि समोर तीन अक्षरं, म्हणजे 'अथेन्सकरांचं'. घुबड म्हटलं की आपल्याकडे लोक तोंड फिरवतात, पण लक्ष्मीचं वाहन तेच, हेही विसरू नका. अथेन्समध्ये तर नाण्यालाच लोक 'घुबड' म्हणत.

आता अथेनाचा डोळा बघा. चेहरा एका बाजूने दिसतो, डोळा मात्र समोरून पाहावा तसा, बदामी. ही जुनी घडण. इ.स.पू. 447 मध्ये पार्थेनॉनचं, म्हणजे तिच्या मंदिराचं काम सुरू झालं, तेव्हा त्याच गावचे शिल्पकार दगडात जिवंत माणसं उभी करत होते. नाण्यावरचा डोळा मात्र तसाच राहिला. कारण नाणं फक्त अथेन्सच्या बाजारात चालत नव्हतं. ते इजिप्तपर्यंत, सिरियापर्यंत जात होतं. तिथल्या व्यापाऱ्याला ग्रीक वाचता येत नसे, पण घुबड ओळखता येई. चित्र बदललं असतं तर त्याने नाणं परत केलं असतं.

तरी तो आंधळा विश्वास ठेवत नव्हता. बऱ्याच घुबडांवर छिन्नीचा खोल घाव असतो. आत चांदीच आहे की तांब्यावर मुलामा, हे बघायला घातलेला. संग्राहक अशा नाण्याला कमी किंमत देतात. मला मात्र तीच जास्त प्रिय आहेत. कुणीतरी, कुठल्यातरी बंदरात, हे नाणं हातात घेऊन विचार केला होता, याची ती खूण आहे.

ही चांदी अथेन्सजवळच्या लॉरिअनच्या खाणींतली. इ.स.पू. 483 च्या सुमारास तिथे मोठी शीर सापडली. पैसा नागरिकांत वाटायचं घाटत होतं. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीसने त्याची जहाजं बांधायला लावली, आणि तीन वर्षांनी सलामिसला इराण्यांशी झालेल्या समुद्री लढाईत तीच कामी आली.

ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. स्पार्टाचा सेनापती ग्युलिप्पोस लुटीच्या पैशांच्या थैल्या घेऊन घरी निघाला. त्याने थैल्यांची तळाची शिवण उसवली, नाणी काढली आणि पुन्हा शिवून टाकली. आत रकमेची चिठ्ठी असते, हे त्याला ठाऊक नव्हतं. चोरलेली नाणी त्याने घराच्या कौलांखाली दडवली. हिशेब जुळेना, तेव्हा त्याचा नोकर एवढंच म्हणाला: कौलांखाली बरीच घुबडं झोपली आहेत.

बाकीच्या शहरांची चित्रंही अशीच बोलकी. कित्येकदा तर ती नावावरचा श्लेषच असतात, कारण त्या वस्तूचा ग्रीक शब्द शहराच्या नावाशी जुळतो: ऱ्होड्सचं गुलाब, फोकायाचा सील हा समुद्री प्राणी, सेलिनूसचं रानटी सेलरीचं पान.

नवीन संग्राहकांना एकच सांगतो. हाताने पाडलेली दोन नाणी कधीच तंतोतंत सारखी नसतात. मी सुरुवातीला घेतलेल्या एका द्राख्मचं जुळं भावंड मला वर्षभराने दुसरीकडे दिसलं. तोच खड्डा, कडेची तीच चीर. दोन्ही एकाच साच्यात ओतलेली, म्हणजे बनावट. तेव्हापासून मी चित्राआधी नाण्याची कड बघतो.

आणि हा प्रवास अथेन्सपाशी थांबत नाही. भरूचच्या बाजारात मिनँडरसारख्या ग्रीक राजांचे द्राख्म चालत, आणि पश्चिम भारतातल्या क्षत्रप राजांनी त्याच धर्तीवर आपली चांदीची नाणी पाडली. नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 मध्ये त्यांच्यातल्याच नहपानाची तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली. राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरं. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला आहे. असं एखादं नाणं भिंगाखाली धरा. सातवाहनांच्या ठशातल्या डोंगराच्या कडेने एखादं ग्रीक अक्षर अजून डोकावताना दिसेल.