वैकुंठभाई मेहता आणि लोणीचा कारखाना

श्रोतेहो, नमस्कार. पुण्यात विद्यापीठाच्या रस्त्याने जाताना सहकाराचे शिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पाटी दिसते. तिच्यावर ज्यांचे नाव आहे, ते वैकुंठभाई मेहता आज आपल्या बोलण्याचा विषय आहेत.

त्यांचे वडील लल्लूभाई सामळदास आणि विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९११ साली मुंबईत सहकारी बँक स्थापन केली. तीच आजची राज्य सहकारी बँक. वैकुंठभाई १९१२ साली तिच्या कारभारात शिरले आणि १९४६ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, त्यांनी ती सांभाळली. चौतीस वर्षे एकच बँक! हल्ली शाखेतला साहेब ओळखीचा होईपर्यंत त्याची बदली होते, पण ते असो. उसाला दीड वर्ष पैसा अडकून पडतो आणि तेवढा काळ सावकाराचे व्याज थांबत नाही, हे ओळखून या बँकेने बारामतीसारख्या कालव्याच्या भागात शाखा काढल्या. १९४६ मध्ये मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळात वैकुंठभाई अर्थ आणि सहकार खात्यांचे मंत्री झाले. बँकर होते, मंत्री झाले, हे लक्षात ठेवा. कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे.

गोष्ट नगर जिल्ह्यातल्या लोणी गावाची. चार इयत्ता शिकलेले विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांच्या मालकीच्या साखर कारखान्यासाठी गावोगाव शेअर गोळा करत होते, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी होते आणि मुंबईत मंत्र्याच्या खुर्चीत वैकुंठभाई होते. त्या काळी आमच्या आजोबांनीही एक शेअर घ्यायचे ठरवले. घरात रोकड नव्हती, म्हणून आजीच्या पाटल्या मोडाव्या लागल्या. पाटल्यांच्या बदल्यात हाती आलेली पावती उलटसुलट करून आजीने विचारले, "हा कागद ऊस गाळणार का?" आजोबा काहीच बोलले नाहीत; त्यांनी पावती पत्र्याच्या ट्रंकेत, तिच्याच लुगड्याच्या घडीत ठेवली. पुढे कित्येक महिने कोणी पाहुणा आला की आजी ट्रंक उघडून तो कागद दाखवी आणि त्याच्याकडूनच उत्तर मागे.

ज्याच्याकडे तारण म्हणून दाखवायला उभ्या उसाशिवाय काही नाही, अशा माणसाची पत ओळखण्यात वैकुंठभाईंची सगळी हयात गेली होती. त्यामुळे शेतकऱ्यांना कारखाना झेपेल का, ही शंका त्यांना इतरांइतकी मोठी वाटली नसावी. सरकारचे पाठबळ मिळाले, ३१ डिसेंबर १९५० रोजी पहिले गाळप सुरू झाले आणि गाडगीळ कारखान्याचे अध्यक्ष झाले. वैकुंठभाई पुढे खादी व ग्रामोद्योगाच्या कामात गेले.

आमच्या घरी कारखान्याची पहिली साखर आली, तेव्हा आजीने तिचा चहा केला नाही. मूठभर साखर वाटीत घालून तिने देवघरात ठेवली, आणि पाटल्यांचे मात्र आजोबांना शेवटपर्यंत ऐकवले.