गुन्ह्याआधीची जागा

श्रोतेहो, नमस्कार. पर्यावरणाच्या ऱ्हासावरचे व्हिडिओ-मांडणशिल्प, म्हणजे दालनात चलतचित्रे आणि वस्तू मांडून घडवलेली कलाकृती, म्हटले की वितळणारे बर्फ, पेटलेली अरण्ये आणि भिंतभर पसरलेले पडदे डोळ्यांपुढे येतात. दिल्लीचे चित्रपटकार अमर कंवर यांनी ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’ या कलाकृतीत वेगळी वाट धरली आहे, म्हणून आज तिच्याविषयी बोलावेसे वाटते.

ओडिशात खाणी, पोलाद कारखाने आणि बंदरे यांसाठी जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, त्या घडामोडींचे चित्रीकरण कंवर 1999 पासून करत होते. 2006च्या जानेवारीत कलिंगनगरला जमीन संपादनाला विरोध करणारे आदिवासी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, ते याच संघर्षात. मांडणशिल्पाच्या केंद्रस्थानी 42 मिनिटांचा ‘द सीन ऑफ क्राइम’ हा चित्रपट आहे. पण त्यात उद्ध्वस्त डोंगर शोधू जाल तर हाती फारसे काही लागणार नाही. वाऱ्याने हलणारे गवत, पाणी, झाडे, माणसांचा रोजचा वावर एवढेच संथपणे दिसत राहते, आणि यातली जवळजवळ प्रत्येक जागा उद्योगांसाठी संपादित करायच्या क्षेत्रात मोडते हे एकदा कळले, की त्याच गवताकडे आपण साक्षीदाराच्या नजरेने पाहू लागतो. विध्वंसाचे भव्य चित्रण पाहताना प्रेक्षक दिपून जातो, क्वचित सुखावतोही (हा धोका या कलाप्रकाराला कायमचा जडलेला आहे). इथे दिपून जावे असे काही ठेवलेलेच नाही.

काळोख्या दालनात हाताने बनवलेल्या कागदाची मोठी पुस्तकेही मांडलेली असतात. त्यांच्या पानांवर वरून चलतचित्रे पडतात, त्यामुळे पान उलटणाऱ्याच्या हातावरही ती क्षणभर उमटतात. शेजारी भाताच्या अडीचशेहून अधिक देशी वाणांचे बियाणे मांडलेले असते. जमीन गेली म्हणजे नक्की काय गेले, हे नुकसानभरपाईच्या कागदांत मावत नाही; ते या बियाण्यांपुढे उभे राहिल्यावर समजते. मला तरी संपूर्ण कलाकृतीतला सर्वांत ठाम युक्तिवाद हाच वाटतो.

2012 मध्ये ही कलाकृती जर्मनीतल्या कासेल इथे डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या प्रदर्शनात मांडली गेली. त्याच वर्षी भुवनेश्वरला ‘समदृष्टी’ या माध्यमसंस्थेच्या आवारातही ती लोकांसाठी खुली झाली, आणि तिथे येणाऱ्यांनी आपल्याजवळचे पुरावे आणून या संग्रहात भर घालावी, असे आवाहन करण्यात आले.