बाईच्या हातातली पणती

नमस्कार श्रोतेहो. आज ऐकता ऐकता एक काम करायचंय. माळ्यावर किंवा पलंगाच्या बॉक्समध्ये जुन्या मासिकांचा गठ्ठा असेल, रद्दीवाल्यानं नेला नसेल, तर त्यातले दोन-चार अंक काढा. घरात शाळकरी पोर असेल तर त्याच्या कंपासमधली पट्टी घ्या. मुखपृष्ठावर जे कुणी असेल त्याचं डोक्यापासून हनुवटीपर्यंतचं अंतर मोजा. मग डोक्यापासून, शरीराचा जो शेवटचा भाग चित्रात दिसतो, तिथपर्यंतचं. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा. नुसता चेहरा असेल तर उत्तर येतं एक. पायाच्या नखापर्यंत कुणी उभं असेल तर साधारण सातवा हिस्सा.

ही युक्ती माझी नव्हे. १९८३ साली डेन आर्चर या अमेरिकी अभ्यासकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नियतकालिकांतल्या छायाचित्रांची अशी मापं घेतली. पुरुषाचा चेहरा मोठा आणि बाईचं अंग जास्त, असं निघालं. ११ देशांतले अंक चाळले, जुन्या चित्रकारांची चित्रं तपासली, तिथंही तेच. त्यातली खरी मेख पुढेच आहे. एकाच माणसाचे दोन फोटो दाखवले, एक चेहऱ्याजवळून आणि एक अंगासकट, तर चेहऱ्याचा फोटो बघणाऱ्यांना तो माणूस जास्त हुशार वाटला. म्हणजे चित्र कुठे कापायचं हे ठरवताना आम्ही अक्कलही वाटत असतो. आम्ही म्हणजे कव्हरं करणारे. मी बावीस वर्षं हेच करतेय.

आपल्याकडे कव्हर म्हटलं की दिवाळी अंक. आणि दिवाळी अंकाचं कव्हर म्हटलं की पणती घेतलेली बाई. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला. त्यांनी रंगवलेली बाई मान जरा कलती करून उभी राहिली की अंक उघडायचं भान राहत नाही. मी तीच चित्रं गिरवत मोठी झाले, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाकडं बोलताना माझी जीभ अडखळते. आणि वाकडं बोलायचंही नाहीये. दलालांनी ती बाई काढली, छान केलं. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत आम्ही तिला ती पणती खाली ठेवू दिली नाही, हे आमचं कर्तृत्व.

आता एका वेगळ्या कव्हरबद्दल सांगते. अमेरिकेतलं ‘मिझ’ नावाचं मासिक. मिझ हे संबोधन बाईचं लग्न झालंय की नाही ते सांगत नाही. आपल्या लग्नपत्रिकेतल्या ‘कु.’ आणि ‘सौ.’ला फाटा दिल्यासारखं. डिसेंबर १९७१मध्ये ‘न्यूयॉर्क’ या साप्ताहिकातून त्याची झलक आली आणि १९७२च्या वसंतात स्वतंत्र अंक. कव्हर मिरियम वॉस्क या चित्रकर्तीचं. निळ्या अंगाची बाई. हात आठ. त्या हातांत तवा, इस्त्री, घड्याळ, धूळ झटकायचा पिसांचा कुंचा, टाइपरायटर, टेलिफोन, आरसा आणि गाडीचं स्टीअरिंग. पोटात बाळ, तेही दिसतंय. मासिक काढणाऱ्यांपैकी ग्लोरिया स्टाइनम तरुणपणी भारतात राहून गेलेल्या होत्या, तेव्हा आपली अष्टभुजा तिथं कशी पोचली याचं फारसं नवल वाटायला नको. निळ्या रंगाचा एक फायदा असा की बाई गोरीही राहत नाही आणि काळीही. ३ लाख प्रती छापल्या होत्या, आठ दिवसांत संपल्या.

पण तिच्या डोळ्यांकडे बघा. त्यांतून पाणी ओघळतंय. ही देव्हाऱ्यात ठेवायची तसबीर नव्हे, हा तक्रारअर्ज आहे.

आणि ८ मार्चला पहाटेपासून आपल्या मोबाइलवर येऊन पडते ती बाई आठवा. हात तेवढेच. लाटणं, लॅपटॉप, बाळ, भाजीची पिशवी. पुरवणीच्या पहिल्या पानावरही तीच. आणि चेहऱ्यावर काय? हसू! आम्ही तिचा एकही हात कमी केला नाही, फक्त डोळे पुसून दिले. मीही एकदा काढलीय तशी, रीतसर पैसे घेऊन. कशाला लपवू?

केरळात ‘गृहलक्ष्मी’ नावाचं मल्याळम पाक्षिक आहे. नाव बघा, आणि मग ऐका: मार्च २०१८च्या कव्हरवर बाळाला अंगावर पाजणारी बाई, थेट आपल्याकडे बघणारी, आणि सोबत मजकूर, रोखून बघू नका, आम्हाला दूध पाजायचंय. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. राजा रविवर्म्याची चित्रं ज्या नजरेनं बघतो त्याच नजरेनं हे पाहिलं, असं म्हणून न्यायालयानं अश्लीलतेची तक्रार फेटाळली. हा तोच रविवर्मा, ज्याच्या मळवलीच्या छापखान्यातून देवी आपल्या घराघरांत भिंतीवर आल्या. मला ते कव्हर आवडलं. एक खटकलं: तिच्या भांगात ठसठशीत कुंकू होतं. आई आहे एवढं पुरलं नाही, नवरा आहे हेही कळवावंसं वाटलं.

हसू नका, आमच्याकडेही तसंच होतं. तीनेक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी कच्चं स्केच केलं. पन्नाशीचा गृहस्थ, बनियन-लेंगा, ओट्याशी उभा, कागदावर चकली पाडतोय. वाफेनं चष्म्याची एक काच धुरकटलेली. सोऱ्या दाबताना मनगटापासून कोपरापर्यंत एक शीर टरारून येते. ती जमायला मला दोन संध्याकाळी लागल्या. शेजारच्या काकांनी त्यापायी रिकामा सोऱ्या किती वेळ दाबला असेल!

प्रकाशकांचा फोन आला. “मॅडम, फर्स्टक्लास. पण बाई कुठाय? बिचारा विधुर वाटतो हो. मागे मिसेस उभ्या करा.”

मी मिसेस काढल्या. उभ्या नाही, झोपाळ्यावर. पाय वर घेऊन, दिवाळी अंक वाचताना.

“आता त्या आळशी वाटतात.”

छपाईला चार दिवस उरले होते. मी मुकाट्यानं पणती काढली, पणतीखाली तळहात काढला, मग बाकीची बाई. अंक चांगला खपला म्हणे. घरी प्रत आली तेव्हा मी पट्टी घेतली. डोक्यापासून हनुवटीपर्यंत अडीच सेंटिमीटर. पावलांपर्यंत अठरा.