‘नाही’ म्हणून पुढं गेलेली ओळ
(बेळगावातल्या एका वाचनालयात शनिवारी संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, उद्यमबागेत, आपल्या इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना ब्लोहोल म्हणजे काय ते सांगायला नको. कास्टिंग वरून गुळगुळीत दिसतं. लेथवर चढवून दोन कट मारले की आतलं भोक उघडं पडतं. समोर सापडतो टर्नर, म्हणून बोलणी त्याला बसतात. खरी भानगड मोल्डिंगमध्ये असते, वाळूत ओल राहिलेली असते. सोर्सवरून सॉफ्टवेअर बिल्ड करताना, म्हणजे प्रोग्रॅमरनं लिहिलेल्या मूळ कोडवरून आपल्याच मशिनवर चालणारा प्रोग्रॅम बनवताना, मी कित्येक वर्षं असंच टर्नरला बोलत आलो.

माझंच सांगतो. आमच्या घरी एक ट्रंक आहे. बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाचे कागद त्यात मराठीत आहेत, 1956 नंतरचे हळूहळू कन्नडमध्ये होत गेले, आणि काही कागदांवर दोन्ही भाषा. ते सगळं स्कॅन करून मजकूर काढायचा म्हणून मी टेसरॅक्ट घेतलं. मुळात एचपीमध्ये तयार झालेलं, 2005 साली खुलं झालेलं हे सॉफ्टवेअर. ‘मराठी अधिक कन्नड’ अशा दोन भाषा त्याला एकदम सांगता येतात, आपल्याकडं यापेक्षा वेगळं काय पाहिजे? पण माझ्या मशिनवरच्या पॅकेजमध्ये, म्हणजे तयार बांधून मिळणाऱ्या प्रतीत, जुनी आवृत्ती होती. म्हटलं, सोर्सवरून करू.

टेसरॅक्टला चित्र वाचून देण्याचं काम लेप्टोनिका नावाची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमनं वापरायचा तयार कोडचा संच, करते. ती आधी बिल्ड केली, मग टेसरॅक्ट. कॉन्फिगर झालं, म्हणजे मशिनवर काय काय आहे ते तपासून झालं, मेक झालं, म्हणजे बनवून झालं, इन्स्टॉल झालं. एकही एरर नाही. पहिला कागद दिला, पीएनजी प्रकारची चित्राची फाइल होती. उत्तर आलं, ‘फंक्शन नॉट प्रेझेंट’.

दोन संध्याकाळी घालवल्या. टेसरॅक्टचे फ्लॅग, म्हणजे बिल्डला द्यायच्या सूचना, बदलले, वेगासाठीचं ऑप्टिमायझेशन कमी केलं, कंपायलर, म्हणजे सोर्सचं मशिनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, बदलून बघितला. शेजारी बसलेला भाचा म्हणाला, “मामा, एरर तर काहीच आलं नव्हतं की!” तेच तर दुखणं होतं. लेप्टोनिकाच्या कॉन्फिगरनं शंभर गोष्टी तपासल्या होत्या, त्यांत पीएनजीच्या पुढं ‘नो’ लिहून तो निमूट पुढं गेला होता. पीएनजीची लायब्ररी नसली तरी लेप्टोनिका बनते, फक्त ते फंक्शन रिकामं ठेवून बनते. कॉन्फिगरच्या दृष्टीनं ही चूकच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, मशिनवर पीएनजी चित्रं उघडतात, मग ‘नो’ कसं? लायब्ररी होतीच. हेडर फाइल, म्हणजे लायब्ररीत कुठली फंक्शन आहेत ते कंपायलरला सांगणाऱ्या फाइल, नव्हत्या. चालणाऱ्या प्रोग्रॅमला तयार लायब्ररी पुरते, कंपायलरला मात्र हेडरही लागतात आणि ते वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. लिनक्सच्या उबुंटूत त्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असतं, फेडोरात ‘डेव्हेल’. बसच्या पाटीवर बेळगावी, आपल्या तोंडात बेळगाव. आपण चुकीच्या बसमध्ये बसत नाही ना? तसंच हे, नावावरून अडून राहू नका.

डेव्ह पॅकेज घातलं, पुन्हा मेक म्हटलं. काही फरक नाही. कारण ‘नो’ हा निर्णय कॉन्फिगरनं आधीच लिहून ठेवला होता, मेक त्याच्याच शब्दावर चालतो. सेटिंग बदललं की कॉन्फिगर पुन्हा, आणि शक्यतो नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये. कॉन्फिगरऐवजी सीमेक वापरणाऱ्यांनी जुनी कॅश फाइल उडवायची. मग ‘टेसरॅक्ट डॅश डॅश व्हर्जन’ म्हणून बघा. लेप्टोनिकाच्या खाली तो लिबपीएनजी, लिबटिफ असली नावं छापतो. माझ्या यादीत त्या दिवशी लिबपीएनजी आली आणि मी चहा टाकला.

‘नो’ का आलं हे कुठं कळतं? कॉन्फिग डॉट लॉगमध्ये. ही फाइल उघडायला मुलं घाबरतात, हजारो ओळी असतात म्हणून. सगळी वाचायचीच नसते. ज्या गोष्टीपुढं ‘नो’ आलं तिचं नाव शोधायचं. तिथं कुठली आज्ञा दिली आणि कंपायलर काय म्हणाला ते मिळतं. बऱ्याचदा त्याच्याखाली ‘फेल्ड प्रोग्रॅम वॉज’ लिहून तपासणीचा छोटा प्रोग्रॅमही छापलेला असतो.

तो छोटा प्रोग्रॅम अलीकडं फार महत्त्वाचा झालाय. एका विद्यार्थ्यानं निपाणीहून जुनं सी सॉफ्टवेअर आणलं होतं. मागच्या लॅपटॉपवर बिल्ड व्हायचं, नव्यावर अर्ध्या सोयी गायब. लॉगमध्ये बघितलं तर तपासणीचा प्रोग्रॅम जेमतेम तीन ओळींचा. ‘मेन’च्या आधी ‘इंट’ नाही, ‘एक्झिट’साठी हेडर नाही. सी भाषेच्या 1999 च्या प्रमाणकानं हे दोन्ही बंद केलंय. जीसीसी हा कंपायलर मात्र पंचवीस वर्षं फार तर वॉर्निंग देत राहिला. 2024 साली आलेल्या जीसीसी 14 नं त्याची एरर केली. म्हणजे मशिनवर सगळं आहे, प्रश्नच चुकीच्या व्याकरणात विचारला गेला, म्हणून उत्तर ‘नो’.

यावर ‘एफपर्मिसिव्ह’ हा फ्लॅग देता येतो, त्या एरर पुन्हा वॉर्निंग होतात. पण ती मलमपट्टी आहे, हे लक्षात असू द्या. हेडर नसलेलं फंक्शन कंपायलर इंट परत देणारं धरतो. ते खरं तर पत्ता परत देत असेल, तर 64 बिटांचा पत्ता 32 बिटांत कापला जातो आणि प्रोग्रॅम भलतीकडंच कोसळतो. जीसीसीनं कडक व्हावं या मताचा मी आहे. उशीरच केला.

याच मुलानं तो फ्लॅग दिला आणि दुसऱ्या दिवशी तक्रार, “सर, बिल्ड झालं, पण लई सावकाश चालतंय.” सीफ्लॅग्जमध्ये, म्हणजे सी कंपायलरचे फ्लॅग लिहायच्या जागी, त्यानं फक्त एफपर्मिसिव्ह लिहिलं होतं. आपण काहीच लिहिलं नाही तर कॉन्फिगर स्वतःहून दोष शोधायला मदत करणारा ‘जी’ आणि वेग वाढवणारा ‘ओ2’ घालतो. आपण एक शब्द लिहिला की ते दोन्ही जातात. म्हणून आपलं काही घालायचं तर ओ2 सुद्धा हातानं लिहायचं. आणि वॉर्निंगला एरर करणारा ‘डब्ल्यूएरर’ कॉन्फिगरच्या वेळी कधी देऊ नका. तपासणीच्या प्रोग्रॅममधल्या किरकोळ वॉर्निंगनंही ‘नो’ येत जातं.

आता खानापूरची गोष्ट. टेसरॅक्ट माझ्याकडं नीट चालायला लागल्यावर हौस आली, वेग वाढवू म्हटलं. ‘मार्च इक्वल टू नेटिव्ह’ घातलं. मार्च महिना नव्हे, ‘एम-आर्च’, मशिनचं आर्किटेक्चर. कंपायलर मग त्या मशिनच्या प्रोसेसरला कळणाऱ्या सगळ्या सूचना वापरतो. ती बनवलेली प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन खानापूरला एका मित्राच्या जुन्या पीसीवर टाकली. चालवली, आणि ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’. त्या प्रोसेसरला एव्हीएक्स2 हा वेगवान सूचनांचा संच माहीतच नव्हता. गंमत म्हणजे टेसरॅक्टनं ही काळजी आधीच घेतलेली आहे. वेगवान भाग तो वेगळे कंपाइल करतो आणि चालताना प्रोसेसर बघून त्यांतला योग्य तो निवडतो. माझ्या शहाणपणानं ती सगळी सोय मोडली. तेव्हा नेटिव्ह घालायचं ते ज्या मशिनवर बिल्ड त्याच मशिनवर चालवणार असाल तर.

मेमरीचं थोडक्यात. मोठं सी प्लस प्लस बिल्ड करताना मध्येच ‘किल्ड’ येऊन थांबलं, तर कोडवर संशय घेऊ नका. मेकला ‘जे8’, म्हणजे एकदम आठ कामं, सांगितलं असेल आणि रॅम चार जीबी असेल, तर मेमरी संपली म्हणून कर्नलनंच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानंच, कंपायलरला मारलंय. जे2 करा, नाहीतर जे1.

मागच्या बाकावरून प्रश्न आलाय की व्हॉट्सअ‍ॅपवर एररचा फोटो पाठवला तर चालेल का. नाही चालणार. फोटोत शेवटच्या दहा ओळी असतात आणि तिथं ‘मेक: एरर 2’ एवढंच दिसतं. तो टर्नर. पहिली एरर दोनशे ओळी वर गेलेली असते. जे-चार-जे-आठ लावून ओळी एकमेकींत मिसळल्या असतील, तर आधी जे1 नं पुन्हा चालवा, मग पहिली शोधा. पुढच्या शनिवारी ज्यांचं अडलंय त्यांनी मेकचं सगळं बोलणं एका फाइलमध्ये आणि सोबत कॉन्फिग डॉट लॉग, असं पेन ड्राइव्हवर घेऊन या. सहानंतर या, त्याआधी इथं लाइट असेलच असं नाही.