वस्तीवरची जाग

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री कोणाच्या दारावरून जाताना आतून खोकल्याचा, भांड्याचा किंवा लेकराच्या रडण्याचा आवाज आला, की आपण म्हणतो, ‘घरात जाग आहे.’ घरफोडी करणाऱ्यालाही आधी हीच चाहूल घ्यायची असते. दाराचे कुलूप किती भक्कम आहे हे तो नंतर पाहतो. या घरात जाग आहे का, आणि असली तरी ती शेजारच्या घरापर्यंत पोहोचेल का, याचा अंदाज त्याने आधीच बांधलेला असतो. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून शिरूर तालुक्यात, उसाने वेढलेल्या एका वस्तीवर राहतो. तिथल्या अनुभवावरून आज आपल्याशी बोलणार आहे.

गावाची राखण ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. जुन्या गावगाड्यात जागल्या होता, रामोशी होता, आणि चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जाणे हे त्याचे काम होते. माग दुसऱ्या गावच्या हद्दीत शिरला, की पुढचा शोध त्या गावच्या राखणदाराने घ्यावा अशी रीत होती. या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. सगळ्या गावाची झोप काही ठरावीक जातींच्या जागरणावर उभी होती, आणि पुढे इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केल्यावर राखण करणाऱ्या रामोशी समाजालाच गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का मात्र लोकांच्या मनातून अजून पुसला गेलेला नाही, आणि याचा गस्तीशी काय संबंध आहे ते मी पुढे सांगणारच आहे.

चार वर्षांपूर्वीच्या वैशाखातली गोष्ट आहे. आमच्या शेजारचे कुटुंब लग्नासाठी परगावी गेले होते आणि उकाड्यामुळे आम्ही सगळे गच्चीवर झोपलो होतो. रात्री दीडच्या सुमारास लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला. कोणीतरी पहारीने कोयंडा उचकटत होते. मी जिन्याकडे धावलो, तर जिन्याचे दार बाहेरून कडी घालून बंद केलेले. आरडाओरडा केला तेव्हा समोरच्या घरातूनही दार ठोठावल्याचा आवाज येऊ लागला, कारण त्यांनाही बाहेरून कडी घातलेली होती. आम्हा चार घरांतली माणसे जागी होती, ओरडत होती आणि आपापल्या घरात कोंडलेली होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून दोघे जण येऊन कड्या काढीपर्यंत वीस मिनिटे गेली, आणि तोवर त्या घरातले कपाट पालथे करून, चोर उसात शिरून दिसेनासे झाले होते. सकाळी पोलीस आले आणि पंचनामा झाला. शेजारच्या वहिनींनी परत आल्यावर विचारलेला एकच प्रश्न माझ्या मनात राहिला: ‘गुरुजी, तुम्ही सगळे होतात ना इथे?’

त्या आठवड्यात वस्तीवरची माणसे मारुतीच्या पारावर बसली. पहिली सूचना अर्थातच काठ्या आणि कुऱ्हाडींची होती. सुदैवाने आमच्या पोलीस पाटलांनी ती तिथल्या तिथे बाजूला सारली. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये गावात घडणाऱ्या गोष्टींची खबर पोलिसांपर्यंत पोहोचवणे हे पोलीस पाटलांचे कर्तव्य आहे. त्यांचे म्हणणे असे पडले की, खबर पोहोचवण्याचे तेच काम आता सगळ्यांनी वाटून घ्यावे आणि मारामारीचे मनातून काढून टाकावे. गस्तीला जाणाऱ्यांची यादी पोलीस ठाण्यात देऊन ग्रामसुरक्षा दल स्थापन झाले. (हे दल आणि दारूबंदीसाठी २०१६ च्या कायद्याने आलेले ग्रामरक्षक दल यांत पुष्कळांचा घोळ होतो. नावे सारखी असली तरी कामे वेगळी आहेत.)

सगळ्यात सोपा उपाय मात्र एका आजीबाईंनी सुचवला. रात्री झोपताना बाहेरच्या कोयंड्यात एक कुलूप नुसतेच अडकवून ठेवायचे, म्हणजे कडी त्यावर बसतच नाही आणि बाहेरून कोणाला आपल्याला कोंडता येत नाही. घरात पडून असलेल्या जुन्या कुलपांना त्या दिवसापासून काम मिळाले.

गस्तीची आमच्या भागातली अडचण वेगळी आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत उसात बिबट्याचा वावर आहे, आणि त्याने पहिला घाव घातला तो वस्तीवरच्या कुत्र्यांवर. कुत्री गेली तशी रात्रीची फुकटची राखणही गेली. त्यामुळे एकट्याने किंवा दोघांनी पायी फिरायचे नाही, चौघांनी मिळून, बॅटऱ्या आणि शिट्ट्या घेऊन, बोलत बोलत जायचे, असा नियम झाला. पहिली पाळी अकरा ते एक आणि दुसरी एक ते तीन. शेतीला रात्रीची वीज असलेल्या आठवड्यात पाणी द्यायला उठणारी माणसे तशीही शिवारात असतात. त्यांच्या वेळा गस्तीच्या वहीत टिपल्या, तेव्हा लक्षात आले की रात्री जाग असलेली माणसे पुष्कळ आहेत, फक्त एकाची जाग दुसऱ्याला ठाऊक नव्हती.

याच शिवारातून विहिरीवरच्या मोटारी, केबल आणि रोहित्रातले तांबे चोरीला जाते. केबल जाळून तांबे काढायचे आणि भंगारात विकायचे, हा ठरलेला मार्ग. मोटारीचा क्रमांक कोणी लिहून ठेवत नाही, आणि मग सापडलेली मोटार आपलीच आहे हे पोलिसांपुढे सांगायचे कशाच्या आधारावर, असा पेच पडतो. आम्ही प्रत्येक मोटारीच्या पाटीचा फोटो काढून ठेवला आहे आणि अंगावर छिन्नीने मालकाचे आद्याक्षर कोरले आहे.

खरे अवघड काम होते ते गावाला जाताना शेजाऱ्याला सांगून जाण्याचे. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण ज्यांच्याशी बांधावरून दावा चालू आहे त्यांनाच ‘आम्ही दोन दिवस नाही, जरा लक्ष असू द्या’ असे कसे म्हणायचे? आमच्याकडे दोन चुलतभाऊ आहेत, त्यांचा बांधाचा दावा तालुक्याच्या कोर्टात कित्येक वर्षे पडून आहे. पाळी लावताना नेमके ते दोघे एकाच रात्री आले आणि बदलून मागायला कोणीच पुढे झाले नाही. ते आजही एकमेकांशी बोलत नाहीत. पण ओढा ओलांडताना पुढचा मागच्याच्या पायापुढे बॅटरी धरतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. गावाला जाण्याचा निरोप त्यांच्या बायका एकमेकींना देतात. विहिरीवर, धुण्याच्या वेळी. उलट, तोच निरोप काही तरुण मुले मोबाईलच्या स्टेटसवर देवदर्शनाच्या फोटोसह जगाला देत होती, ते मात्र समजावून बंद करावे लागले. फोटो परत आल्यावर टाकले तरी देव रागावत नाही.

संकटाच्या वेळी फोन कोणाला करायचा, हेही प्रत्येक घरात पाठ असले पाहिजे. ११२ हा क्रमांक राज्यभर चालतो. याशिवाय पुणे, नाशिक, सातारा अशा जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. तिच्यात गाव आणि आपला मोबाईल नोंदलेला असेल, तर १८००२७०३६०० या टोल फ्री क्रमांकावर आपण बोललेला संदेश आपल्याच आवाजात परिसरातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या फोनवर जातो. आमच्या पोलीस पाटलांनी वस्तीवरच्या म्हाताऱ्यांकडून सरावही करून घेतला, कारण घाबरलेला माणूस ‘या रे, या रे’ एवढेच ओरडतो आणि कुठे या, ते सांगायचे राहून जाते.

आता ज्या गोष्टीचा उल्लेख सुरुवातीला केला, तिच्याकडे येतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारे समजून पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती माणसे मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी होती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवांच्या वातावरणात मारले गेले, आणि तिथे तर लोक चोरांच्या भीतीने आधीपासूनच जागत होते. गस्त घालणाऱ्या प्रत्येकाने हे दुसरे प्रकरण लक्षात ठेवावे असे मला वाटते. थकलेली, घाबरलेली, हातात काठी असलेली आणि अफवांनी कान भरलेली माणसे अंधारात एकत्र आली, की त्यांच्यापुढे येणारा अनोळखी माणूस चोरच ठरतो. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या भागात आणि मराठवाड्यातही रात्री ड्रोन फिरतात, त्यामागून चोर येतात, अशा बातम्यांनी गावेच्या गावे जागत होती. त्या दिवसांत आमच्या वस्तीवरही वाट चुकलेल्या एका मालवाहू टेंपोला तरुणांनी अडवले होते. चालकाची भाषा वेगळी होती, एवढाच त्याचा अपराध. पोलीस पाटील वेळेवर पोहोचले, त्यांनी त्याला पाणी पाजले आणि रस्ता दाखवला.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, आपल्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही पकडू शकतो. मात्र विनाकारण विलंब न लावता, फार तर सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. संशय आला म्हणून पकडण्याचा अधिकार त्यात नाही, आणि मारण्याचा तर नाहीच नाही. आमच्या गस्तीच्या वहीच्या पहिल्या पानावर हे लिहिले आहे: गाडीचा क्रमांक टिपा, फोन करा, अंतर ठेवा.

पाल टाकून राहणाऱ्यांविषयी वस्तीवर बरीच वादावादी झाली. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडची ऊसतोड मंडळी आमच्या शिवारात कोप्या घालून राहतात, आणि पूर्वी गावात काहीही हरवले तरी पहिले बोट त्यांच्याकडे दाखवले जाई. त्यांची स्वतःची घरे तिकडे सहा-सहा महिने म्हाताऱ्यांच्या भरवशावर पडलेली असतात, हे कोणी ध्यानात घेत नसे. गेल्या दोन हंगामांपासून मुकादमाचा फोन आमच्या यादीत आहे आणि आमच्या दोघांचे क्रमांक त्याच्याकडे आहेत.

दुसरी पाळी तीन वाजता संपते. चौघे जण वहीत सह्या करून घरोघर परततात, बॅटऱ्या विझतात. त्याच सुमारास ओढ्यापलीकडे कोप्यांसमोर चुली पेटू लागतात, बैलांच्या गळ्यातली घुंगरे वाजतात, आणि कोणीतरी बाई लेकराला उठवत असते.

नमस्कार.